उंची कमी, वय साठीपुढचं आणि जॅकेट एकच: कसं कसं घालाल?

प्रश्न अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "वय 64, उंची 4 फूट 10 इंच. पुण्याहून मुलीनं हौसेनं जॅकेट आणलंय. गडद शेवाळी, जाड सुती, आतून अस्तर, पूर्ण बाह्या, समोर बटणं, खाली दोन खिसे. उंची मोजली तर 26 इंच भरते. घातलं की यांचाच कोट अंगात चढवल्यासारखी दिसते. मी साडीच जास्त नेसते, कधी पंजाबी ड्रेस. पँटचा अजून धीर होत नाही. पण मुलगी म्हणते, एकच जॅकेट चार-पाच तऱ्हांनी घालता येतं. कसं?"

बाई, मुलगी बरोबर सांगते आहे, पण मधली एक पायरी तिनं सोडली. ते जॅकेट आधी तुमच्या मापाचं करून घ्यावं लागेल. त्याशिवाय चार तऱ्हा करा नाहीतर चौदा, प्रत्येक तऱ्हेत ते यांचाच कोट दिसणार. जळगावात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, आणि थंडी पडली की मुलासुनांनी आणलेली अशी जॅकेटं घेऊन येणाऱ्या साठीपुढच्या बायकांची माझ्याकडे रांग असते. जवळपास सगळ्यांची तक्रार तुमच्यासारखीच. जॅकेट चांगलं असतं, कापड उत्तम असतं, फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या अंगासाठी कापलेलं असतं.

रेडिमेडवाले माप काढतात ते छातीच्या घेरावरून. तुमचा घेर 36 असला तर तुम्हाला 36 चं जॅकेट मिळतं, पण त्याची उंची, बाही, खिशाची जागा हे सगळं पाच फूट चार-पाच इंचाची बाई डोळ्यासमोर ठेवून ठरलेलं असतं. परदेशात 5 फूट 4 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या बायकांसाठी 'पेटीट' नावाचं वेगळं माप निघतं. आपल्याकडे बायकांची सरासरी उंचीच 152 सेंटीमीटरच्या, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. त्या हिशेबानं आपल्या बहुतेक बायका पेटीटच, पण दुकानात तो टॅग शोधूनही सापडत नाही.

त्यात वयाची भर. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाची उंची साधारण एक सेंटीमीटरनं कमी होते, सत्तरीनंतर आणखी भरभर. आता ही उंची जाते कुठून? पायांतून नाही. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला थोडा बाक येतो, म्हणजे कमी होतं ते धड. पाय होते तेवढेच राहतात. त्यामुळे साठीपुढच्या ठेंगण्या बाईचं जॅकेट तरुण ठेंगण्या मुलीपेक्षाही आखूड लागतं. हे फार थोडे टेलर लक्षात घेतात. उलट "वय झालंय, जरा लांब ठेवू या, पोट झाकेल" म्हणतात, आणि लांब जॅकेट पोट झाकता झाकता पायही झाकून टाकतं. मग बाई आहे त्याहून चार इंच बुटकी दिसते.

म्हणून पहिलं काम उंचीचं. मानेलगतच्या खांद्याच्या टोकापासून खाली मोजून 20 ते साडेवीस इंच, एवढंच तुमच्या अंगाला शोभेल. त्याची कड कमरेच्या हाडाशी येते, म्हणजे पोटाच्या फुगवट्याच्या खाली आणि मांडीच्या वर. जिथे अंग सर्वात रुंद असतं त्या रेषेवर जॅकेटची कड कधीही संपू देऊ नका. नजर तिथेच थांबते. तुमचं 26 इंची जॅकेट नेमकं तिथून पुढे लोंबतंय.

टेलरकडे नेण्याआधी दोन गोष्टी करा. एक, जॅकेट बदलून मिळत असेल तर एक साइज लहान मागवा आणि खांदा बघा. खांद्याची शिवण तुमच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. अर्धा-पाऊण इंच खाली उतरत असेल तर बाही उसवून, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल) आत घेऊन वर चढवता येते. दीड इंचाहून जास्त उतरत असेल तर त्या दुरुस्तीत पैसे घालू नका, कारण खांदा घेतला की मुंढा, बाही, अस्तर सगळंच उसवावं लागतं आणि मूळ आकार परत येईलच असं नाही. दोन, सुती आहे म्हणता, तर कापण्याआधी एकदा घरी धुऊन वाळवा. पहिल्या पाण्यात सूत आटतं. आधी कापून मग धुतलं तर साडेवीसाचं वीस कधी झालं ते कळायचंही नाही.

फिटिंगला जाताना ज्या चपला रोज वापरता त्याच घाला आणि साडी नेसून जा, ड्रेसवर नको. साडीच्या कमरेच्या घडीचा फुगवटा मापात यायला हवा. टेलरला सांगा, खालची कड टेबलावर जॅकेट अंथरून आखू नका, माझ्या अंगावर आखा. पाठीला बाक असला की जॅकेट मागून वर उचललं जातं आणि पुढून खाली येतं. टेबलावर सरळ कापलेली कड अंगावर तिरपीच दिसते. माझी पद्धत अशी: बाईला ताठ करायला जात नाही, रोजच्यासारखं उभं राहू देते, जमिनीवर उभी पट्टी टेकवते आणि चारी बाजूंनी त्याच उंचीवर खडूनं टिंबं मारत फिरते. मग जॅकेट काढलं की टेबलावर दिसतं, पुढचा भाग मागच्यापेक्षा इंचभर जास्त कापावा लागणार आहे. टेबलावर ती कड वाकडी असते आणि अंगावर सरळ.

उंची कापली की खिशांचा प्रश्न येतो. खिशाच्या तळापासून कडेपर्यंत निदान अडीच इंच जागा राहायला हवी, नाहीतर खिसे कडेला लोंबकळल्यासारखे दिसतात. तुमचे वरून शिवलेले खिसे असतील तर उसवून वर सरकवता येतील, पण जुन्या शिवणीच्या खुणा आणि रंगाचा फरक दिसतो का ते आधी एका कोपऱ्यात उसवून पाहा. दिसत असेल तर खिसे काढूनच टाका. कमरेवरचे मोठे खिसे ठेंगण्या बाईला तसेही रुंद करतात. कापून उरलेली पाच इंची पट्टी मात्र टेलरकडे सोडू नका. तिची मागे कमरेवर दोन बटणांची छोटी अर्धी पट्टी होते. पुढून पट्टा बांधला की अंगाचे दोन तुकडे होतात, मागची पट्टी मात्र गुपचूप घेर आवरते आणि पुढून काही दिसत नाही.

बाही मनगटाच्या हाडापर्यंत. तळहातावर आली की पाहुण्याचा कोट. आणि बाहीच्या टोकाला आतून चार इंचांची वेगळ्या कापडाची पट्टी लावून घ्या, जुन्या कलमकारी किंवा इरकलच्या ब्लाउजपीसची चालेल. बाही दुमडली की ती पट्टी बाहेर दिसते आणि तेच जॅकेट दुसरं वाटतं. तुमच्या जॅकेटवरचा हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि माझा लाडका. खांदा आखडत असेल, हात मागे जात नसेल, तर बाहीचं अस्तर गुळगुळीत आहे ना ते पाहा. सुती अस्तरावर ब्लाउजची बाही अडकते आणि मग जॅकेट घालायला दुसरा माणूस लागतो. बोटं दुखत असतील तर काज-बटणाच्या खाली टीचबटणं लावून घ्या, वरचं बटण नुसतं शोभेला राहू द्या.

आता तऱ्हा. तुम्ही साडीवाल्या आहात म्हणून तिथूनच सुरू करते.

साडीवर जॅकेट म्हटलं की बायका काय करतात, नेहमीसारखी साडी नेसून, पदर पिन करून, वरून स्वेटर चढवावा तसं जॅकेट चढवतात. पदराचं बोचकं पाठीवर होतं, बाक असेल तर तो दुप्पट दिसतो, आणि जॅकेटच्या खालून पदराचं टोक वेगळंच लोंबतं. त्याऐवजी उलटा क्रम करून बघा. निऱ्या खोचून घ्या, मग जॅकेट घालून बटणं लावा, आणि पदर जॅकेटच्या वरून घ्या. जॅकेट इथे ब्लाउजचं काम करतं. आखूड केलेलं असेल तरच हे जमतं, म्हणून वर एवढी उंचीची कटकट केली. पदर तिरपा गेल्यानं पोटावरची जॅकेटची कड झाकली जाते, दिसते ती खांद्यापासून खाली जाणारी एक तिरपी रेघ, आणि बाई उंच वाटते. दुसरा फायदा आपल्या भागातल्या बायकांनाच कळेल. सासरच्या गावी, वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायची वेळ आली तर तो मोकळा असतो. जॅकेटच्या आत अडकलेला पदर डोक्यावर कसा घेणार?

या तऱ्हेला साडी मऊ आणि अंगासरशी बसणारी हवी, म्हणजे मलमल, लिनन, साधी सुती. कडक स्टार्चची नको. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: साडीचा पन्हा 44 ते 47 इंच असतो, तुमच्या कमरेपासून जमिनीपर्यंत जेमतेम 35-36 इंच. म्हणजे आठ ते बारा इंच कापड तुम्ही कमरेत खोचता, आणि तेच जॅकेटखाली टायरसारखं फुगतं. परकर नाडीच्या चुण्यांचा नको. सपाट पट्टीचा, बाजूला हूक असलेला शिवून घ्या किंवा हल्ली मिळतो तो शेपवेअरचा, म्हणजे अंगासरशी बसणारा ताणता येणारा परकर घ्या. निम्मा फुगवटा तिथेच जातो.

जॅकेट उघडं ठेवून साडीवर घालायचं असेल, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाताना वगैरे, तर पदर चार बोटांच्या निऱ्या घालून खांद्यावर लावा, मागून त्याचं टोक उजव्या कमरेवर आणून खोचून टाका, शेतात कामाला वाकताना बायका खोचतात तसं. मग मागे काही लोंबत नाही. पुढून जॅकेटच्या दोन उभ्या कडा आणि मधून लांब मंगळसूत्र, एवढ्या तीन उभ्या रेघा पुरतात. गळ्यालगतचं छोटं मंगळसूत्र या तऱ्हेला लांबाएवढं खुलत नाही. मोठा नेकलेस तर अजिबात नको.

पंजाबी ड्रेसवर मात्र सांभाळा. गुडघ्याखालचा घेरदार कुर्ता, त्यावर कमरेपर्यंत जॅकेट, खाली वेगळ्या रंगाची सलवार आणि वर ओढणी: अंगाचे चार तुकडे झाले. उंच बाईला ते खपतं. तुमच्या 4 फूट 10 इंचांत एवढी वाटणी परवडत नाही. कुर्ता आणि सलवार एकाच रंगाचे घ्या, एकाच कापडाचे असले तर उत्तम. कुर्ता गुडघ्याच्या जरा वर, सरळ, बाजूला कट. खाली पटियाळा नको, सरळ पँटसारखी सलवार, घोटा दिसेल इतपत. मग खांद्यापासून घोट्यापर्यंत एकच रंगाची लांब पट्टी तयार होते आणि शेवाळी जॅकेट तिच्यावर नुसतं चौकटीसारखं बसतं. विटकरी, मोहरी, ऑफव्हाइट, गडद जांभळा, हे सगळे शेवाळीसोबत जातात. काळ्याच्या मागे फार लागू नका, वय झाल्यावर चेहऱ्याजवळ काळा रंग थकवा दाखवतो.

आणि ओढणी घरी ठेवा. तुमच्या पिढीला ओढणीशिवाय उघडं वाटतं, मला माहीत आहे. माझ्याकडे फिटिंगला येणाऱ्या कितीतरी जणी आरशासमोर उभ्या राहून हातानंच छाती झाकतात. पण उघडं जॅकेट तेच काम करतं. दोन्ही बाजूंनी झाकलं जातं, सरकत नाही, स्कूटरच्या चाकात जात नाही. अगदीच चैन पडत नसेल तर एक अरुंद स्टोल गळ्यात सरळ सोडा, गाठ न मारता. गाठ मारली की आखूड मान आणखी आखूड होते.

गाऊनवर जॅकेट नको, हे स्पष्टच सांगते. डिसेंबरात सकाळी दुधाच्या रांगेत अख्खी कॉलनी गाऊन, त्यावर स्वेटर आणि डोक्याला मफलर अशी उभी असते. ती थंडीची गरज आहे, तिला तऱ्हा म्हणत नाहीत. पण घोट्यापर्यंतचा, एकरंगी, सरळ पडणारा सुती लाँग ड्रेस असेल तर त्यावर उघडं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या, फार छान दिसतं. साडीला कंटाळलेल्या पण पँटला बिचकणाऱ्या बायकांसाठी ही मधली वाट. पुढे पँटवर जाणं सोपं पडतं.

पँटची सुरुवात गावात करू नका. पुण्याला मुलीकडे जाताना एसी डब्यात करा. तिथे गारठा असतो, जॅकेट लागतंच, आणि ओळखीचं कुणी नसतं. कमरेवर उंच बसणारी सरळ पँट, त्याच रंगाचा पोट झाकेल एवढाच टॉप, वर जॅकेट उघडं. टॉप जॅकेटपेक्षा तीन-चार इंच लांब असला तरी चालेल, पण पँटच्या रंगाशी जुळला पाहिजे. पाठीवर सॅक नको, तिनं बाक वाढतो. पर्स छोटी, पट्टा आखूड, म्हणजे ती कमरेवर येते. मांडीवर आपटणारी पर्स बाईला खाली ओढल्यासारखी दाखवते.

थंडीतल्या भरीत पार्टीबद्दल लिहिल्याशिवाय खानदेशातल्या जॅकेटचं पुराण पुरं होत नाही. शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, म्हणजे ठिणग्या उडणार. पॉलिस्टरचं किंवा फुगीर नायलॉनचं जॅकेट असेल तर एका ठिणगीत भोक पडतं. तुमचं सुती आहे, तेच घाला. बाह्या अशा दुमडा: आधी कफ उचलून थेट कोपरापर्यंत आणा, मग राहिलेला दुमडीचा भाग अर्ध्यावर पुन्हा वर दुमडा, आतली पट्टी दोन बोटं दिसू द्या. छोट्या छोट्या घड्या करत गेलं तर दंडावर कडं तयार होतं आणि भाकरी थापायला बसलं की सुटतं. मनगट आणि त्यावरच्या दोन बांगड्या उघड्या राहिल्या की हात बारीक दिसतो, कारण हाताचा सर्वात नाजूक भाग तोच.

एक तऱ्हा मुद्दाम सांगत नाही, ती म्हणजे बाह्या काढून बंडी करणं. पारोळ्याच्या एक आजी सुनेनं आणलेलं जवाहर जॅकेट घालून माझ्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय, मी काय पुढारी शे का?" बिनबाह्यांचं, गळाबंद, कडक जॅकेट ठेंगण्या आणि जरा भरलेल्या बाईला चौकोनी करतं. तुमचे दंड झाकायचे असतील तर नकोच. बिनबाह्यांचं हवंच असेल तर ते वेगळं शिवा: पातळ इकत किंवा मंगळगिरी, अस्तर नाही, कॉलर नाही, पुढून उघडं. ते होळीनंतरही चालतं. हे जाड शेवाळी मात्र होळीपासून दसऱ्यापर्यंत कपाटातच राहणार, 45 अंशांत त्याला हात लावायची इच्छासुद्धा होत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून वारं द्या, सुती अस्तराला बुरशी फार लवकर लागते.

कॉलरचं राहिलं. मान आखूड असेल, मागे बाक असेल, तर मोठी कॉलर मानेमागे उभी राहते आणि मान गिळते. टेलरला ती अर्ध्या रुंदीची करायला सांगा, किंवा काढून गळ्याला नुसती पट्टी. कॉलरच्या जागी पट्टी म्हटलं की काही टेलर गळा बंद करून ठेवतात, तेवढं बजावून सांगा. गळा पुढून 'व्ही'सारखा उघडा राहिला पाहिजे, वरचं बटण छातीच्या उंचवट्याच्या जरा वर.

काम कुठेही करून घ्या, अमळनेरात चांगले टेलर आहेत. इकडे येणं झालंच तर फुले मार्केटमधून बाहीच्या पट्टीचं कापड आणि जुळणारी बटणं घेऊन जा. फक्त घाई करा. नवरात्र लागलं की दिवाळीचे ब्लाउज सुरू होतात, मागोमाग लग्नसराई, आणि त्या दिवसांत अस्तराचं जॅकेट उसवायला कोणताच टेलर राजी होत नाही. मीसुद्धा नाही.